तुरीच्या फुलाचा पिवळा

ताईंचा पहिला फोन आला तेव्हा मी आर्णीत, दुकानाच्या वरच्या खोलीत बसून एका कंपनीच्या वेबसाइटवर चपलांचे फोटो चढवत होते. खाली नवऱ्याचं मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. दिवसभर कुणीतरी खाली गाडी रेस करून बघत असतं, म्हणून कामाचा फोन आला की मी आधी खिडकी लावते. तेव्हाही उठले.

"खिडकी लावून राह्यली का?" पलीकडून बाईमाणसाचा, जरा घोगरा आवाज आला. "नको लावू. बस स्टँड जवळ आहे का तुह्या घराच्या?"

"हो, थोडं पुढं आहे."

"मले ऐकू येऊन राह्यलं."

मग त्यांनी आपण कोण ते सांगितलं. यवतमाळहून निघणाऱ्या एका त्रैमासिकाच्या त्या संपादक. मी यवतमाळला कॉलेजात असताना लायब्ररीत ते वाचायचे. जाहिराती नाहीत, कुणा संस्थेचा हात डोक्यावर नाही, नुसत्या वर्गणीवर चालणारं. त्यात शेतातल्या बायांनी स्वतः लिहिलेलं असायचं, तांड्यावरच्या गोष्टी असायच्या. पुढं छापील अंक बंद झाला आणि सगळं वेबसाइटवर गेलं. ती वेबसाइट आता म्हातारी झाली होती. मोबाइलवर अक्षरं एकमेकांवर चढायची. वर्गणी भरली तरी लेख उघडायचा नाही. मारेगावच्या एका वाचकानं तर ताईंना कळवलं होतं की दारात उभं करून कुलूप लावता, हे काही बरं नाही.

"तू पुण्याले हेच काम करत होती म्हणे. आम्हाले नवी करून दे."

ताई स्वतः तेव्हा पुण्यात होत्या. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मुलगी त्यांना वारज्याला घेऊन गेली होती, आणि यवतमाळचं घर कुलूप लावून बंद होतं. म्हणजे यवतमाळच्या त्रैमासिकाच्या संपादक पुण्यात, आणि पुण्यात काम शिकलेली मी आर्णीत.

काम तसं सरळ होतं. पासवर्डची भानगड काढून टाकायची, मोबाइल नंबरवर आलेला आकडा टाकला की वर्गणीदाराला अंक उघडला पाहिजे. जुने अंक नीट लावायचे. जो वर्गणीदार नाही त्यालाही प्रत्येक अंकातला एक लेख पूर्ण वाचता यावा, हा ताईंचा हट्ट होता. "घरात आलेल्या माणसाले चहा पाजल्याशिवाय काहून पाठवायचं?" म्हणाल्या. "सबस्क्राइब" हा शब्द त्यांनी काढायला लावला आणि बटणावर "वर्गणीदार व्हा" असं लिहवून घेतलं.

रंगावर मात्र गाडी अडली. पहिल्या पानाचा वरचा पट्टा त्यांना तुरीच्या फुलाचा पिवळा हवा होता. मी एक पिवळा पाठवला.

"हा हळदीचा झाला."

दुसरा पाठवला.

"अवं, हा शाळेच्या बसचा आहे!"

असे किती पिवळे पाठवले कोण जाणे. शेवटी एका दुपारी स्कूटी काढली आणि यवतमाळ रोडला गावाबाहेर गेले. एका शेतात कापसाच्या ओळींत तूर उभी होती, चांगली फुलावर आलेली. एक बाई कापूस वेचत होती. तिला विचारून मी फुलांचे फोटो काढू लागले तशी ती कमरेच्या ओटीवर हात ठेवून बघत राहिली.

"तुरीचा फोटो कायले वं?"

"रंग पाहिजे आहे. मोबाइलमध्ये लावायला."

ती खूप हसली. मग तिनंच एक डहाळी तोडून माझ्या हातावर ठेवली. मी तळहातावरच्या फुलाचा फोटो तिथूनच ताईंना पाठवला. लगेच फोन आला.

"हे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "याले मागून लाल रेघा असतात. मी इसरूनच गेलती."

मी तो पिवळा पट्टा केला आणि त्याच्याखाली केसाएवढी लाल रेघ ओढली. ताई खूश झाल्या. मला वाटलं, सुटले.

कुठली सुटते! दुसऱ्या दिवशी त्यांना पहिल्या पानावर रस्त्याचा फोटो हवा झाला. शेत दिसलं पाहिजे, पण ट्रॅक्टर नको. मी पाठवला. मग म्हणाल्या, ट्रॅक्टर राहू दे, आहेच तो आता. मग म्हणाल्या, हा रस्ता कोणता, याच्या डाव्या हाताला एक मोठं चिंचेचं झाड होतं, आहे का? मी फोटो काढायला माहेरी फुलसावंगीला गेले, तर आई काय करते, चूल आहे का गॅस, अंगणात काय वाळत घातलं, सगळं विचारून झालं. त्यातून वेबसाइटचं काम एवढुसंही पुढं सरकलं नव्हतं. चपलांवाले मागं लागले होते.

शेवटी एक दिवस मी जरा तोडूनच बोलले. "ताई, आज पहिलं पान पक्कं करू. रोज बदललं तर हे कधीच सुरू होणार नाही."

खाली कुणीतरी हॉर्न तपासत होतं.

"मले समजते वं," त्या म्हणाल्या. "पण हे सुरू झालं का मग तू मले फोन कायले करशील?"

त्याच पुढं म्हणाल्या, "माह्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीचा जिना दिसते. पोरगी, जावई भल्ले चांगले आहेत, काही कमी नाही. पण मी 'मले' म्हटलं का नात म्हणते, आजी, मला म्हण. दिवसभर मी नीट बोलून राह्यली. जबडा दुखते."

मला हसू आलं. पण छातीत कुठंतरी लागलंही, कारण पुण्यात मीही तेच करत होते. कर्वेनगरच्या खोलीत पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून "मले" गेलं आणि मैत्रिणी खिदळल्या. त्यानंतर मी ते बोलणं गुंडाळून ठेवून दिलं. आणि तरीही मला कर्वेनगरची इतकी आठवण येते की सांगता सोय नाही.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर त्याला वाटेल, हिला इथं सुख नाही. तसं काही नाही. तो भला माणूस आहे, वरची खोली त्यानंच मला कामासाठी करून दिली. पण आर्णीत मी बाहेर पडले की रस्त्यात चार जण विचारतात, वहिनी, कुठं चालल्या? कर्वेनगरात संध्याकाळी कामावरून परतताना मला कुणी ओळखत नव्हतं. खांद्यावर पिशवी, केस कसेही, वाटेत उभ्या उभ्या पाणीपुरी खायची, खोलीवर उशिरा पोचलं तरी विचारणारं कुणी नाही. ते मी ताईंना सगळं सांगितलं.

दोन-तीन दिवसांनी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. नातीला सोबत घेऊन, रिक्षा करून त्या माझ्या कर्वेनगरच्या गल्लीत गेल्या होत्या. "कोणती इमारत? ही का? पुढं जाऊ?" एका हातात काठी, फोन नातीच्या हातात. मी म्हटलं, दुसरा मजला, कोपऱ्यातली खिडकी. नातीनं फोन वर केला. खिडकीत कुणाची तरी निळी ओढणी वाळत होती. "पाह्य बरं नीट," ताई म्हणाल्या, "घाई नको करू." मी पाहत राहिले. नवरा जेवायला बोलवायला वर आला आणि मला तशी बघून परत खाली गेला.

त्यानंतर ताईंनी एकाच दिवसात पहिलं पान पक्कं केलं. संक्रांतीनंतर वेबसाइट सुरू करायचं ठरलं. त्यांना बटण यवतमाळला येऊन दाबायचं होतं, तिकीटही काढलं होतं. पण डॉक्टरांनी एवढा प्रवास नको म्हटलं. तेव्हा नवराच म्हणाला, "तूच पुण्याले जाऊन ये. तुलेही बरं वाटंन."

मी पिशवीभर तुरीच्या हिरव्या शेंगा घेऊन गेले. ताईंनी त्या मीठ घालून उकडायला लावल्या आणि आम्ही दोघी गॅलरीत बसून सोलून खात राहिलो. जुने दोन-तीन सहकारी फोनवर जोडले गेले होते. ताईंनी बटण दाबलं. मारेगावच्या त्या वाचकाचाच पहिला निरोप आला की उघडलं. ताई तो निरोप मोठ्यानं वाचताना मध्येच थांबल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मी एकटीच कर्वेनगरला गेले. मला वाटलं होतं, बदललं असेल, म्हणजे सोपं जाईल. काहीही बदललं नव्हतं. पाणीपुरीवाला तिथंच होता. कामावरून सुटलेल्या मुली खांद्याला पिशव्या लावून घोळक्यानं येत होत्या. कुणी माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. मी पाणीपुरी खाल्ली, गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि तशीच परत आले. एक मुलगी फोनवर आईला सांगत होती, "हो गं, जेवले, झोप तू." ती खोटं बोलतेय हे मला लगेच कळलं. तिच्या जागी असायला मी काय दिलं असतं, कोण जाणे.

निघायच्या दिवशी नको नको म्हणत असताना ताई मला सोडायला ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर आल्या. संध्याकाळचं ऊन होतं. गाडी लागली, क्लीनर सामान डिकीत टाकू लागला. ताई काठी टेकत दारापाशी गेल्या.

"आर्णीले किती वाजता पोचते जी?" त्यांनी त्याला विचारलं.

"सकाळी सकाळी पोचते, मावशी. उजाडल्यावर."

"उजाडल्यावर," त्या म्हणाल्या. "म्हणजे वाटेनं कापूस दिसत असंन."

"दिसते ना. बसायचं का तुम्हाले?" तो मारेगावकडचा निघाला. ताई त्याच्याशी आपल्या बोलीत पाणी-पावसाचं, कापसाच्या भावाचं, कुणाकुणाच्या गावाचं बोलत राहिल्या. मागं गाड्या हॉर्न वाजवू लागल्या तरी दार सोडेनात. शेवटी नातीनं त्यांचा हात धरला. गाडी निघाली तेव्हा त्या माझ्या खिडकीकडं पाहत नव्हत्या. गाडीच्या पाठीवर लिहिलेली गावांची नावं वाचत होत्या.

वेबसाइट नीट चालते आहे. वर्गणीदार थोडे का होईना, वाढले. रोजचे फोन मात्र ताई म्हणाल्या तसेच थांबले. आता नवा अंक चढवायचा असला की त्या फोन करतात, मी खिडकी उघडी ठेवते, कामाचं बोलणं पटकन संपतं. मग थोडा वेळ आम्ही दोघीही फोन ठेवत नाही, खिडकीतून बस स्टँडचा आवाज येत राहतो.