हिरव्या बांगड्यांचा हात

आमच्या तिवशाजवळच्या कापसाच्या जिनिंगमध्ये धोक्याच्या पाट्या सांभाळायचं काम एका गड्याकडे आहे. हंगामात रुईची धूळ सगळ्यावर बसते आणि दुपारपर्यंत ‘विडी ओढू नका’ ही पाटीसुद्धा पांढरी होऊन जाते. तो दुपट्ट्याने ती पुसतो, दहा पावलं मागे जातो आणि मला विचारतो, “वाचता येऊन राह्यलं का?” वजनकाट्यावर बसल्या बसल्या मी हो म्हणतो. कधीकधी न बघताच. ते त्याला कळतं. मग तो पाटी पुन्हा पुसतो.

एकदा तो कापसाचं भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन, कामावरच्या बायांसारखा, ढिगापासून मशीनपर्यंत चालत गेला. मी हसलो. त्याने टोपलं उतरवलं, ‘चालू मशीनमध्ये हात घालू नका’ ही पाटी वरून काढली आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर ठोकली.

“तपासणीचे साहेब ओरडतील,” मी म्हणालो.

“सायबाच्या डोक्यावर टोपलं नसते, भाऊ. बायाइले मान वर करता येत नाई. त्याइले पायाजवळचंच दिसते.”

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्याने अक्षरांखाली एक हात रंगवला आणि त्यावर लाल फुली मारली. बोटं वाकडीच आली, पण मनगटात चार हिरव्या बांगड्या अगदी नीट काढल्या.

आता मशीनशी आल्यावर बाया आधी आपल्या बांगड्या मागे सारतात. तो लांबून बघत असतो. एवढ्या एका पाटीबद्दल तो मला काही विचारत नाही.