मुंजाजीचा अनवाणी पाय

गॅरेजमध्ये जळक्या क्लच प्लेटा आणि किस्से, दोन्ही कोपऱ्यात साचत जातात. फेकायचं कुणाच्या मनात येत नाही. आमच्या परभणीच्या गॅरेजातले बहुतेक किस्से मुंजाजीचे आहेत आणि हेच मला खुपतं. एकाच शेडमध्ये आम्ही दोघं मेकॅनिक, जुन्या जीप-टेम्पोचं काम दोघांनाही येतं. पण गिऱ्हाईक आत आलं की विचारतं, "मुंजाजी हाय का?"

कारण काय, तर त्याचा डावा पाय. क्लचची तक्रार आली की हा चप्पल काढतो, अनवाणी पाय पेडलवर ठेवतो आणि डोळे मिटून बसतो. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं!

* * *

पेडगावची एक जीप आली होती. इंजिन बोंबलतंय पण गाडी पळत नाही, वर जळका वास. मी हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन बंद पडायला पाहिजे होतं, ते आरामात चालू राहिलं.

म्हणालो, "प्लेट घसरायलीय. बदलावी लागंल."

मालक म्हणाला, "एकदा मुंजाजीला दाखवू."

मुंजाजीनं चप्पल काढली, डोळे मिटले आणि म्हणाला, "प्लेट."

मालकानं वळून मलाच सांगितलं, "बघा, प्लेट हाय." जसं काही मी टायर म्हणालो होतो!

* * *

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मानवतचा टेम्पो आला. क्लच पूर्ण दाबला जात नव्हता, गिअर टाकताना खर्र खर्र. मुंजाजी डोळे मिटून बसला तो बसलाच. मी कंटाळून खाली वाकलो, तर पूजेचा नारळ घरंगळत येऊन पेडलखाली अडकलेला! मी तो ओढून काढला. मुंजाजीनं माझ्या हातातून घेतला, फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं.

मानवतमध्ये आजही सांगतात, मुंजाजीनं डोळे मिटून नारळ ओळखला. खोबरं मीही खाल्लं आणि करवंट्या मीच गोळा केल्या.

* * *

आता पिंगळीला राहणाऱ्या माझ्या सासऱ्यांचं. त्यांची जुनी जीप माझ्या लग्नाआधी मुंजाजीकडं जायची आणि लग्नानंतरही त्याच्याकडंच जाते. चहा माझ्या घरी, जीप त्याच्या हाती. बायको विचारते, "तुमाला येत न्हाई का?" एकदा तरी ती जीप माझ्या हातानं नीट व्हावी, एवढीच माझी इच्छा होती.

मागच्या महिन्यात ते आले तेव्हा मुंजाजी जेवायला गेला होता. रिव्हर्स टाकताना आवाज येत होता. मी हातानं पेडल दाबून बघितलं. अर्ध्यापर्यंत ते नुसतंच मोकळं खाली जात होतं.

"मामा, पेडलचा प्ले वाढलाय. बाहेरून ॲडजस्ट करतो, गाडी खोलायची गरज न्हाई."

"राहू द्या, दिगांबरराव. मुंजाजी येऊ द्या."

मी पुन्हा समजावलं. त्यांनी बाकावर मांडी घातली.

माझं डोकं फिरलं. जीपमध्ये चढलो, चप्पल काढली, पेडल दाबलं आणि डोळे गच्च मिटले. मग मी तेच सांगितलं, प्ले वाढलाय.

सासरे उठून जवळ आले. "मग हे आधी का न्हाई सांगितलं? करा की."

डोळे उघडले तर समोर मुंजाजी. तो माझ्या पायांकडं बघत होता, म्हणून मीही बघितलं. अनवाणी होता तो माझा उजवा पाय. क्लचवरच्या डाव्या पायात चप्पल तशीच होती.

मुंजाजीनं खाली पडलेली माझी चप्पल उचलली, हळूच आत सरकवली आणि सासऱ्यांना म्हणाला, "जावयानं बरोबर धरलंय, मामा. माझी गरज न्हाई."

जीप मीच नीट केली. रिव्हर्स गुपचूप पडला. संध्याकाळी माझ्या घरी जेवताना सासरे लेकीला सांगत होते, "मुंजाजीवानी मोठ्या मनाचा माणूस न्हाई बघ."