आईला दाखवलेलं तळं

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरहून आम्ही तिघे मित्र रविवारी उत्तरेकडची तळी बघायला गेलो. तळं दाखवायला मी गावी आईला व्हिडिओ कॉल केला, तर एकानं फोन ओढून घेतला. “काकू, आम्ही गाडीनं स्कॉटलंडला आलोय.”

“लांब पडलं असेल रे. जेवलात का?” आई म्हणाली. दोघं खिदळले.

माझं डोकं फिरलं. चौथी शिकलेल्या या बाईनं मला घराण्यातला पहिला पदवीधर केलं. मुलाचा मित्र सांगतोय म्हणून तिनं खरं मानलं होतं.

“खरं सांग तिला,” मी म्हणालो.

“गंमत केली, यार.”

“तिनं पाठवलेले लाडू खाताना नाही सुचली गंमत?”

त्यानं खाली मान घालून सांगितलं, “काकू, हे मिशिगनच आहे.”

“असू दे,” आई म्हणाली. “पण उद्या काही झालं, तर तुम्हाला मी कुठल्या देशात शोधू?”