दादाचा राहिलेला जबाब

सकाळचे दहा वाजले होते. अकोल्यातल्या घरी मी निवांत लसूण सोलत बसले होते, तेवढ्यात अमरावतीहून वहिनीचा फोन आला. "शोभाताई, हे गेले हो…" मी त्यांच्यावरच डाफरले, "काहीतरीच काय बोलता! रविवारी माझ्यासमोर दोन प्लेट पोहे खाल्ले दादानं." आजार नाही, दुखणं नाही, चालताबोलता माणूस असा जातो? महिना होत आला, मला अजून खरं वाटत नाही.

लोकांना आठवतो तो महानगराचा पोलीस आयुक्त. भातकुलीच्या शाळेतलं पोरगं तिथवर पोचलं म्हणून आमच्या वस्तीनं मिरवणूक काढली, तर हा सजवलेल्या जीपमध्ये चढेचना, सगळ्यांबरोबर पायीच चालला. आयुक्त असताना तो न सांगता कुठल्याही ठाण्यात शिरायचा. तक्रार देऊन निघालेल्या माणसाला दारातच थांबवायचा आणि अंमलदाराला म्हणायचा, "यांचं काय लिहिलं ते यांच्या भाषेत वाचून दाखवा." एक शब्द चुकला तरी सगळं पुन्हा लिहायला लावायचा. खात्यात त्याचं नावच पडलं होतं, 'वाचून दाखवा साहेब'.

त्या शेवटच्या रविवारी मी त्यावरूनच त्याला चिडवत होते. हसता हसता तो एकदम म्हणाला, "शोभे, माही पहिली नेमणूक धारणीले होती. एका जखमी कोरकू बाईचा जबाब घेतला. ते बाई म्हणे भावानं वाचवलं, अन् मी लिहिलं भावानं मारलं. दुभाष्या घाईत, मीही घाईत. वाचून न दाखवताच अंगठा घेतला…" त्या भावानं कित्येक महिने तुरुंगात काढले. पुढे कोर्टातून सुटला, पण बहिणीनंच आपल्याला अडकवलं हे त्याच्या मनातून गेलं नाही. तिकडचा एक जुना हवालदार आदल्याच आठवड्यात दादाला भेटला होता, त्यानं सांगितलं, तो भाऊ आता म्हातारा झाला, पण अजून बहिणीच्या दारात पाय ठेवत नाही.

"सारी नोकरी झाली, पन तिथं जायची माही हिंमत नाही झाली," दादा म्हणाला. "आता दोघायसमोर सांगून टाकतो, चूक माही होती. उद्याच निघू. तू चाल माह्यासंगं."

आणि मी काय म्हणाले? "एवढ्या उन्हात तिकडे काहून मरतं? पुढच्या रविवारी पाहू." आग लागो माझ्या जिभेला! तो नुसतं "बरं" म्हणाला. गुरुवारी सकाळी सगळं संपलं.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर त्या हवालदाराला गाव विचारून मी जीप करून एकटीच तिकडे गेले. बहीणभावाची घरं समोरासमोर होती, मध्ये फक्त रस्ता. बाईला मी तिच्या दारात उभं केलं, म्हाताऱ्याच्या ओट्यावर बसले आणि दोघांना ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. तिथल्या शाळेच्या बाईंनी ते कोरकूत सांगितलं, काहीही न गाळता. समोर ती बहीण तोंडावर पदर धरून रडत होती.

 म्हातारा म्हणाला, "साहेब खुद काहून नाही आले?"

"येतच होते," मी म्हटलं. "मीच थांबवलं, आणि ते गेलेच."

तो उठला. रस्ता ओलांडून बहिणीच्या दारात गेला आणि तिच्याजवळ खाली बसला. मी त्याच्या ओट्यावर बसून हमसून हमसून रडले. एक सोमवार मी दादाला दिला असता, तर त्यानं हे डोळ्यांनी पाहिलं असतं.