चौथीचं एकच पुस्तक

आम्ही दोघांनी मिळून शेवटी केलं ते पेपर वाचायचं काम. आमच्या गावी पेपर दुपारच्या एसटीनं येतो, म्हणजे सकाळच्या बातम्या चार वाजता शिळ्या होऊनच हाती पडतात. ती बाजेवर भिंतीला पाठ टेकवून बसली, मांडीवर पेपर उघडला. मी तिच्या समोर, बाजेच्या दुसऱ्या टोकाला. अक्षरं तिच्याकडून सरळ, माझ्याकडून उलटी. आम्ही दोघंही वाचत होतो.

मी उलटं वाचतो. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते, पण तसंच आहे. सरळ धरलेला कागद मला अडखळत वाचता येतो आणि उलटा धरला की झरझर. असं काहून झालं ते पुढं सांगतो.

"झालं का वं? पलटव पान," मी म्हटलं.

"थांब. तुले तं निसत्या मोठ्या अक्षरायच्या बातम्या पायजे. मले बारीकबी वाचा लागते."

"बारीक अक्षरात काय असते? मेलेल्यायचे फोटो."

"तेच पाहून राह्यली. ओळखीचं कोनी हाय का म्हनून."

लोकांसमोर ती मला तुमी म्हणायची, घरात तू. माझ्या मामाची पोरगी होती ती. लहानपणीचं तू लग्नानंतरही सुटलं नाही.

पेपरची घडी घालून तिनं रोजचाच विषय काढला. आमची नात यंदा चौथी पास झाली. गावातली शाळा चौथीपर्यंतच आहे, पाचवीसाठी एसटीनं मोठ्या गावी जावं लागतं. नातीच्या वर्गात पोरं होती पाच. बाकीचे कोणी आश्रमशाळेत गेले, कोणी नातेवाइकांकडं. एसटीनं जाणारी आमची एकटीच उरली. शाळा उघडून आठवडा झाला होता, पण आमचा पोरगा नुसता ठरवू, ठरवू करत होता.

"तुह्या पोराले आजबी इचारलं. ठरवू म्हनते," ती म्हणाली.

"मंग ठरवू दे."

"ठरवू म्हनलेलं कधी ठरत नसते. माह्या बापानंबी ठरवतोच म्हनलं होतं."

तिच्या बापाचं ते ठरवणं माझ्याच घरात झालं होतं, माझ्या डोळ्यासमोर.

तिच्या गावची शाळा तिसरीपर्यंत होती. आमच्या गावी चौथी होती. म्हणून मामानं तिला एका सालासाठी आमच्या घरी, म्हणजे आपल्या बहिणीकडं आणून सोडलं. "सालभर शिकू दे, पुढचं मंग ठरवतो," असं माझ्या मायला म्हणाला आणि बैलबंडी वळवून निघून गेला. ती दारात पाटी छातीशी धरून उभी. मला वाटलं रडते का काय. तर म्हणाली, "आत्या, तुह्या पोराचे नखं किती वाढले वं!"

शाळा एका खोलीची होती. गुरुजी एक आणि वर्ग चार. चौथीचा मान खिडकीजवळचा. चौथीत गेलं की दोन गोष्टी मिळायच्या. एक म्हणजे टाक आणि दऊत, आणि दुसरं म्हणजे पहिलीतलं एक पोट्टं. गुरुजी दुसरी-तिसरीला गणितं घालायचे तोवर आम्ही पहिलीच्या पोट्ट्यांना अक्षरं गिरवायला लावायचं, असा नेम होता. माझ्या वाट्याला आलेलं पोट्टं शेंबडं होतं, पाटी थुंकीनं पुसायचं आणि हात माझ्या सदऱ्याला. हिच्या वाट्याची पोट्टी दिवाळीपर्यंत बाराखडी म्हणायला लागली.

"तू त्याले शिकवत नाहीस," ती मला म्हणायची. "त्याच्या संग खेळतं."

"मंग तुही पोट्टी दे मले, माहं पोट्टं ने."

"शेंबूड कोन पुसन?"

टाकाची शाई आमच्या बोटांना, सदऱ्याला, ओठांनासुद्धा लागायची, कारण टोक अडलं की आम्ही ते जिभेवर ओलं करायचो. निळ्या ओठाचं पोट्टं दिसलं की गावातले लोक म्हणायचे, हे चौथीतलं. माय राखुंडी घेऊन तोंड घासायची. मला त्या निळ्या ओठांचा लय रुबाब वाटायचा. मी ते पुसू द्यायचो नाही.

शनिवारी सकाळची शाळा. पोरी शेण आणायच्या, आम्ही विहिरीचं पाणी, आणि खोली सारवायची. सारवण वाळेपर्यंत सगळे वर्ग बाहेर भिंतीच्या सावलीत. तिथं चौथीनं पावकी, निमकी, दिडकी मोठ्यानं म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून. ती पुढं उभी राहून म्हणायची, तेव्हा रस्त्यानं जाणारा बंडीवाला थांबून ऐकायचा. मी मागच्या रांगेत ओठ हलवायचो. ओलं सारवण आता कुठं दिसत नाही, पण दिसलंच कधी तर मला अजून तिची दिडकी ऐकू येते.

आता पुस्तकाचं. चौथीची पुस्तकं नवीन कोणी घेत नव्हतं. आदल्या सालच्या पोरांची जुनी पुस्तकं गुरुजी वाटायचे. पुस्तकं कमी, म्हणून एका घरी एक. आम्ही दोघं एका घरातले, तर आम्हाला एक.

दोघांनी एका बाजूला बसून वाचलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण माय मधात आली. आमच्यात मामाच्या पोरीशी लग्न जमते. त्यामुळं नऊ-दहा वर्षांच्या पोरांवरही बायांची नजर.

"मामाच्या पोरीजवळ मांडीले मांडी लावून बसू नको," माय म्हणाली. "समोर बस. मधात कंदील ठेव."

म्हणून रात्री कंदिलाच्या या बाजूला मी, त्या बाजूला ती. वर्गातही पोरी एका भिंतीला आणि पोरं समोर. पुस्तक मधात, तोंड तिच्याकडं. मोठ्यानं वाचायचं काम गुरुजींनी तिलाच दिलं होतं.

"एखाद्या दिवशी माह्याकडं फिरव ना," मी म्हणायचो.

"वाचा तं मले लागते. तू निसता आयक."

मी नुसतं ऐकत नव्हतो. ती शब्दाखाली बोट फिरवायची, त्या बोटामागं मी जात होतो. तिसरीपर्यंत मी वाचतच नव्हतो, सगळ्यांसोबत ओरडायचो. खरं वाचायला मी चौथीत शिकलो, आणि उलटं शिकलो. मला स्वतःलाही ते कळलं नव्हतं. दुसऱ्या कोणाचं पुस्तक हातात धरायची वेळच आली नव्हती.

ती वेळ डिपटी साहेबांनी आणली. थंडीचे दिवस होते. साहेब शाळा तपासायला येणार म्हणून गुरुजींनी आदल्या दिवशी आमची डोकी तेलानं चोपडून घेतली होती. साहेबांनी तिला वाचायला लावलं. तिनं पूर्ण पान एका दमात वाचलं. साहेब म्हणाले, "वा." मग तेच पुस्तक माझ्या हातात दिलं. सरळ.

मी पाहत राहिलो. अक्षरं ओळखीची होती, पण कोणीतरी त्यांना पाडून ठेवल्यासारखी. गुरुजींचा चेहरा उतरला. मी काय केलं, पुस्तक फिरवलं आणि वाचायला लागलो.

"अरे, उलटं धरलंस पुस्तक," साहेब म्हणाले.

सगळी खोली हसली. मी म्हटलं, "मले असंच येते."

"पाठ केलं आहेस तू." साहेबांनी पिशवीतून पेपर काढला, माझ्यासमोर उलटा धरला. "हे वाच."

मी वाचलं. कुठल्याशा गावच्या बाजारात बैल उधळले, अशी बातमी होती. बैलांपर्यंत आलो तेव्हा हसणं थांबलं होतं. पहिलीतलं माझं शेंबडं पोट्टं तेवढं टाळ्या वाजवत होतं.

"कोणी शिकवलं असं?" साहेबांनी विचारलं.

जे होतं ते मी सांगून टाकलं. "एकच पुस्तक हाय. अन् माय म्हनते, मामाच्या पोरीजवळ बसू नको."

एवढा मोठा साहेब, पण खुर्चीत मागं रेलून हसला. गुरुजींना हसावं का नाही ते समजेना. हिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, कान लाल. सुटी झाल्यावर माझ्या पाठीत पाटी घातली आणि घरापर्यंत पन्नास पावलं पुढं चालली.

"आता साऱ्या गावात झालं," ती पुढं पाहूनच म्हणाली. "तुह्याशीच लगन करा लागन मले."

"मी कुठं म्हनलं?"

"तू काईच म्हनत नाहीस. पेपर वाचतं निसता."

जाताना साहेब गुरुजींना एक गोष्ट बजावून गेले होते, या मुलीला पाचवीला पाठवा. निकाल लागला. ती पहिली आली, मी पास झालो. मामा तिला न्यायला आला तेव्हा गुरुजी मुद्दाम आमच्या घरी आले.

"पोरगी हुशार आहे. अजून एक साल इथंच राहू द्या. दोघं सोबत पाचवीला जातील."

मामानं चहा बशीत ओतला, फुंकला, पिला. "ठरवतो गुरुजी," म्हणाला.

आणि तिला ठेवून गेला. तिच्या जीवात जीव आला. शाळा उघडली. पाचवी तेव्हाही त्या मोठ्या गावीच होती, पायी जायचं. मी रोज निघायचो. ती रोज सकाळी वेणी घालून, दाखला पिशवीत घेऊन उंबऱ्यावर बसायची. मामा सांगेल तेव्हा नाव टाकायचं, असं मायचं म्हणणं. मामा आला तो बंडी घेऊन. तिच्या घरी नवीन भाऊ झाला होता, त्याला सांभाळायला कोणी नव्हतं. मामा नाही म्हणालाच नाही. तो म्हणाला, "पुढल्या साली पाहू."

ती बंडीत बसली. पुस्तक मला देऊन गेली. मी पाचवीत चार महिने काढले. तिथल्या मास्तरला माझं उलटं पुस्तक चाललं नाही, रोज कान पिळायचा. मग मी ढोरांमागं गेलो आणि कान वाचले.

काही वर्षांनी आमचं लग्न झालं. ती घरात आली त्या दिवशी गूळ बांधून आलेला कागद दिसला, तो उलगडून वाचत बसली. मी समोर बसलो. माय चुलीपाशी होती, तिनं पाहिलं आणि म्हणाली, "आता तं बाजूले बस ना बावा." पण तोवर सवय पक्की झाली होती.

नातीच्या चौथीच्या सालात ती नातीसारखीच शाळेत जात होती. मॅडमनं एकदा बोलावलं, तर मग दर दोन-चार दिवसांनी काहीतरी निमित्त काढून जायची. खोलीत फरशी, पंखा, भिंतीवर टीव्ही. सकाळच्या परिपाठात नातीला बातम्या वाचायच्या असायच्या, म्हणून तर पेपर लावला. आमचा पेपर दुपारचा, त्यामुळं नात कालच्या बातम्या आज वाचायची आणि मॅडम चालवून घ्यायची. ही घरी येऊन सांगायची, "आपल्या टायमाले पोट्टे लय अन् पुस्तक एक. आता पुस्तकं लय अन् पोट्टे पाच." आणि लगेच, "पन पाचवीचं काय?"

त्या दिवशीही तेच. पेपरची घडी उशाशी ठेवली, चहा मांडायला म्हणून उठली आणि चुलीपाशी खाली बसली. छातीवर हात. पोरानं ऑटो बोलावला, आम्ही घाटंजीच्या दवाखान्यात निघालो. रस्त्यात माझ्या खांद्यावर डोकं टाकून म्हणाली, "ठरलं का रे त्याचं?" मी म्हटलं, "ठरलं." खोटं बोललो. पोरगा पुढं बसला होता, त्यानं मागं वळून पाहिलं नाही. डॉक्टरनं नाडी पाहिली आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं नाही. तेव्हाच समजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला पोचवून आलो. बुद्धवंदना झाली, पाहुणे अंगणभर झोपले. मी काही झोपलो नाही.

सकाळी उठून आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. नातीला म्हटलं, "वेनी घालून घे. दाखला घे."

पोरगा उठून आला. "बाबा, आजच? घरात पावने हायेत. लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन म्हातारा पागल झाला. म्हनू दे."

"मी कुठं नाई म्हनून राह्यलो? दोन-चार दिवसात ठरवू ना."

"तुही माय मले इचारून गेली, अन् म्या ठरलं म्हनून सांगितलं. आता तू काय ठरवतं?"

तो आत गेला आणि नातीची पाण्याची बाटली भरून घेऊन आला. फाट्यापर्यंत सोबत चालला. एसटी आली तेव्हा नातीच्या डोक्यावर हात ठेवला. तो रडत होता. मी त्याच्याकडं पाहिलं नाही, नाही तर मीही रडलो असतो.

शाळेत हेडमास्तरांनी दाखला पाहिला, नाव लिहून घेतलं. म्हणाले, "बाबा, रोज एकटी येईल का ही?"

"सवय होईपर्यंत मी येतो संग."

"आणि तुम्ही दिवसभर काय करणार?"

"बसतो."

नात पाचवीच्या वर्गात गेली. परतीची एसटी पाच वाजता होती. मी व्हरांड्यात चपला काढल्या आणि भिंतीला पाठ लावून बसलो.