पाठीमागे सरकवलेला ताईत

फिल्म अजून ओली होती. डॉक्टरीणबाई ती खिडकीच्या उजेडात धरून उभ्या होत्या आणि तिच्या कोपऱ्यातून पाणी माझ्या पायावर गळत होतं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"तेल असेल, बाई."

"तेल असं बोटासारखं?"

शहापूरला तेव्हा वीज नव्हती. लढाईचे दिवस. बाईंनी मुंबईतल्या कुठल्याशा दवाखान्याचं जुनं एक्स-रे मशीन आणलं होतं, ते इंजिनावर चाले. मी मूळचा इंजिनवाला. कोणतं बटण कधी दाबायचं तेवढं बाईंनी मला शिकवलं होतं. हाडांचे फोटो मी बरे काढत असे. गर्भाशयाचा हा आमचा पहिलाच.

गर्भाशय म्हणजे उलटा टांगलेला लहानसा पेरू समजा. त्याच्या दोन्ही खांद्यांतून शेवईसारख्या बारीक नळ्या निघतात. मूल राहायचं तर निदान एक नळी मोकळी हवी. साध्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. म्हणून खसखशीच्या तेलात मुरवलेलं आयोडिन खालून आत सोडतात. आयोडिन किरण अडवतं, म्हणून तेल जिथे जाईल तिथे फिल्मवर पांढरं उमटतं. नळी मोकळी असेल तर तेल टोकातून पोटात सांडतं. बंद असेल तर आतच अडकतं, कधी नळीचं टोक फुगतं.

सुंदर नावाची ती बाई मुरबाडकडच्या एका खेड्यातली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, कूस रिकामी. सासूने मुलासाठी दुसरी मुलगी पाहून ठेवली होती. मुलगा अडून बसला, "आदी डाक्टरला दाखवू." म्हणून फोटोपर्यंत गोष्ट आली. नळ्या बंद निघाल्या तर सवत येणार, हे पडद्याआड झोपलेल्या सुंदरलाही ठाऊक होतं.

फोटोच्या आधी बाई हात धुवायला गेल्या होत्या. मी पडद्याबाहेरून विचारलं, "अंगावर काही धातू नाही ना?"

सासू म्हणाली, "कमरेला ताईत हाय. तो नाय सुटायचा भाऊ. मंतरून बांधलाय. तुमचा फोटू राहिला तरी चालल."

"मग पाठीमागे सरकवा, मावशी. पुढं दिसायला नको."

बाई परत यायच्या आतच सुंदर म्हणाली, "पाठीखाली टोचतंय."

"हलू नका," मी म्हटलं, आणि इंजिनाकडे पाहिलं. ते त्या दिवशी ठोके चुकवत होतं.

आता ती फिल्म बाई वळवून वळवून पाहत होत्या. उजवीकडे तेल पुढे गेलंच नव्हतं. डावीकडे टोकाशी तो बोटासारखा पांढरा ठोकळा. सगळंच हललेलं, पुसट.

"कडा फार सरळ वाटतात," त्या म्हणाल्या. "तिच्या अंगावर काही राहिलं नव्हतं ना रे?"

"नाही, बाई."

मला तेव्हा ते खोटं वाटलं नाही. ताईत मागे होता, फोटो पुढून काढला होता. माणसाच्या पाठीमागची वस्तू पुढून दिसत नाही, एवढी माझी अक्कल.

बाईंनी पुस्तक उघडलं, मिटलं. मग ओटीवर जाऊन म्हणाल्या, "दोन्ही बाजू बंद दिसतात. पण मी पुरती सांगू शकत नाही."

सासूने पुढचं ऐकलंच नाही. "बग, म्हनलं नव्हतं?" ती मुलाला म्हणाली. मुलगा बैल जुंपायला उठला.

मी फिल्म वाळत टांगली. पाणी ओघळून गेलं तसा ठोकळ्याच्या एका टोकाला काळा ठिपका दिसला. पांढऱ्यात गोल भोक. दोरा ओवायची कडी.

गाडी अजून अंगणात होती. बाई आत येऊन म्हणाल्या, "तेल अजून आत आहे. उद्या नुसता एक फोटो काढला तर कळेल. थांबवू का त्यांना? तुझा फोटो नीट आलाय ना?"

मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. नोकरीची भीती होती. आपण बाईंशी खोटं बोललो हेही त्याच क्षणी कळलं होतं.

"नीट आलाय," मी म्हटलं.

गाडी गेली. महिनाभरात सवत आली असं कानावर आलं.

काही वर्षांनी मुरबाडच्या बाजारात सुंदर भेटली. मीच ओळखलं. काडीमोड घेऊन तिने दुसऱ्याशी पाट लावला होता. कडेवर पोर, पोराच्या गळ्यात ताईत.

"याचाच गुण," ती म्हणाली. "तुमच्या मशीनपुडं पन सोडला नाय."

मी तिला सगळं सांगितलं. किरण आरपार जातात, पुढचं-मागचं एकावर एक पडतं, ठोकळा तो ताईतच होता. तिला कितपत कळलं कोण जाणे. ती पोराचं नाक पुसत राहिली.

मग म्हणाली, "आनि त्या घरी सवतीलाबी पोर झालं नाय."

"मग बरंच झालं म्हणायचं," मी म्हटलं. सुटका हवी होती मला.

"दोन वरसं सवतीचं पानी भरलं मी, दादा. तुमी त्या दिवशी बोलला असता तर?"

बोललो असतो तर ती त्याच घरी राहिली असती, आणि हे पोर नसतं. की दुसरंच काही झालं असतं? मी पुष्कळदा मांडून पाहिलं, उलगडत नाही.

एवढं मात्र शिकलो, की एक्स-रेला पाठ आणि पोट वेगळं नसतं. आता दोरासुद्धा उतरवल्याशिवाय मी बटण दाबत नाही. कुणी रागावलं तर रागावू देतो. सुंदरला त्याचा काही उपयोग नव्हता.