चौथी पायरी

सलाईनच्या पंपाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या गृहस्थांना सगळं ऑफिस पाठीमागे 'तीनपायरी' म्हणे. प्रोग्रॅममध्ये एका 'जर'च्या पोटात दुसरा 'जर' आला की ओळ एक पायरी आत सरकते. चौथी पायरी दिसली की यांचं पित्त खवळलंच. घरीही तेच. बायको म्हणायची, "यांच्यापुढे पातेलीसुद्धा तीनच्या वर एकात एक घालायची सोय नाही."

गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःचाच जुना, सात पायऱ्या आत गेलेला कोड सरळ केला. जागोजागी 'काम झालं, इथूनच परत फिर' असं लिहून तो तीन पायऱ्यांत बसवला आणि दोन दिवस मिशीतल्या मिशीत हसत फिरले.

आज दुपारी ऑफिसात डबा खाताना वीज गेली. लॅपटॉपवर बॅटरीचा पिवळा दिवा लागला आणि त्यांनी हातातला घास खाली ठेवला. पंपाची बॅटरी उतरली की पिवळा दिवा लावायचा, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यानंतर काय, 'परत फिर'? पण नळीत हवा शिरली का, ही तपासणी तर त्याच्याही खाली होती; प्रोग्रॅम तिथवर पोचणारच नव्हता. चाळीस पंप खोक्यांत भरून तयार होते. ते संध्याकाळी रुग्णालयात जाणार आणि उद्या आजारी माणसांना लागणार होते.

डबा तसाच टाकून ते चाचणीच्या टेबलाकडे धावले. उतरलेल्या बॅटरीवर पंप सुरू केला, नळीत हवेचा बुडबुडा सोडला. बुडबुडा सरकत सरकत पार टोकाला गेला. पिवळा दिवा लागला होता, पंप चालू होता, हवा शिरल्याचा इशारा देणारा भोंगा मात्र वाजला नाही.

त्यांनी गोदामात फोन लावला. "एकही खोकं हलवू नका. चूक माझी आहे."

मग त्यांचा कोड तपासणाऱ्या सहकारी बाईंना बोलावलं. "तुमच्या नजरेला हे आलं नाही?"

"आलं होतं, सर. सोमवारीच."

"मग बोलला का नाहीत?"

"दुरुस्ती करून पाठवली होती," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही परत पाठवलीत."

त्यांनी लॅपटॉपवर सोमवारचं उत्तर शोधून काढलं. बाईंची दुरुस्ती बरोबर होती. फक्त एक ओळ जास्त आत गेली होती. खाली या गृहस्थांनी स्वतः लिहिलं होतं, 'चौथी पायरी. पुन्हा लिहा.' एवढंच. बाई समोर उभ्या होत्या आणि गृहस्थांना मान वर करायची लाज वाटत होती.